प्लाझ्मातलं कॉन्जुगेज आलं कुठून? रक्तातल्या फोलेट-एन्झाइमांचा माग काढण्याची रीत

रक्ताची नळी सेंट्रिफ्यूजमधून फिरवून काढली की तीन थर दिसतात. वर पिवळसर प्लाझ्मा, तळाशी गडद तांबड्या पेशी आणि दोन्हींच्या मध्ये, उजेडात धरल्याशिवाय लक्षातही न येणारा, राखाडी-पांढरा पापुद्रा. कोमट दुधावर नुकतीच साय धरू लागावी तसा. पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट्स या पापुद्र्यात असतात. प्रयोगशाळेत त्याला सगळे बफी कोटच म्हणतात.

एमएस्सीच्या प्रकल्पात मी हा पापुद्रा पिपेटने वरच्यावर काढला, खालच्या पेशी सलाइनने तीनदा धुतल्या, फोडल्या, आणि त्यांत फोलेट-कॉन्जुगेज, म्हणजे फोलेट या ब गटातल्या जीवनसत्त्वाची साखळी तोडणारं एन्झाइम, सापडलं अशी वहीत नोंद केली. पुढचे दोन महिने त्या नोंदीच्या भरवशावर प्रयोग चालले. मग आमच्या मार्गदर्शक बाईंनी त्याच पेशी सेल्युलोजच्या कॉलममधून गाळून आणायला सांगितल्या. गाळल्यावर एन्झाइम जवळजवळ नाहीसं झालं. ते तांबड्या पेशींचं नव्हतंच. सायीचा जो अंश मागे राहिला होता, त्याचं होतं.

एखादं एन्झाइम रक्तात सापडणं वेगळं आणि ते रक्तात तयार होणं वेगळं. मधला प्रवास शोधायचा तर प्रत्येक थराचा हिशेब पै न पै लागला पाहिजे. तो कसा लावायचा ते पुढे सांगते. जीवरसायनशास्त्राचे विद्यार्थी, पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करणारे आणि फोलेटचे रिपोर्ट वाचणारे डॉक्टर डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं आहे.

आधी कुठल्या एन्झाइमच्या मागे आहात ते ठरवा

पालक, मेथी, हरभरा, मटकी यांतलं फोलेट एकटं नसतं. त्याच्या टोकाला ग्लुटामेट या अमिनो आम्लाची साखळी असते, बहुधा पाच ते सात कड्यांची. या कड्या गॅमा बंधाने जोडलेल्या असतात, त्यामुळे प्रथिनं पचवणारी नेहमीची एन्झाइमं त्या तोडू शकत नाहीत. त्यासाठी वेगळं एन्झाइम लागतं. जुन्या लेखांत त्याचं नाव कॉन्जुगेज, नव्या लेखांत गॅमा-ग्लुटामिल हायड्रोलेज, थोडक्यात जीजीएच. लहान आतड्याच्या आतल्या कडेवर हेच काम करणारं दुसरं एन्झाइम असतं. त्याला चालायला जस्त लागतं, आणि प्रोस्टेटच्या कॅन्सरच्या संदर्भात जे पीएसएमए नाव ऐकू येतं ते प्रथिन म्हणजे हेच. काम एक, पण कूळ अगदी वेगळं. दोन्ही एकाच नावाखाली मोजली तर पुढचा सगळा माग चुकतो.

रक्तात आणखी दोन फोलेट-एन्झाइमांची चौकशी होते. एक डीएचएफआर (डायहायड्रोफोलेट रिडक्टेज). मेथोट्रेक्सेट हे औषध त्यालाच अडवतं. दुसरं एमटीएचएफआर (मिथिलिनटेट्राहायड्रोफोलेट रिडक्टेज). ही दोन्ही पेशीच्या आत राहणारी.

इथेच एक प्रश्न विचारून ठेवा: या प्रथिनाकडे पेशीबाहेर जायचा परवाना आहे का? मानवी जीजीएच 318 अमिनो आम्लांचं बनतं, आणि त्यातली पहिली 24 म्हणजे सिग्नल पेप्टाइड, बाहेरच्या वाटेची चिठ्ठी. ती असल्यामुळे हे एन्झाइम लायसोसोममध्ये, म्हणजे पेशीतल्या पचनाच्या कप्प्यात, जाऊ शकतं किंवा पेशीतून बाहेर स्रवू शकतं. डीएचएफआर आणि एमटीएचएफआर यांच्याकडे अशी चिठ्ठी नाही. प्लाझ्मात ती दिसली तर कुठली तरी पेशी फुटली असा पहिला संशय घ्यायचा. जीजीएच दिसलं तर मात्र गळती आणि स्राव या दोन्ही वाटा उघड्या राहतात, म्हणून खरी मेहनत त्याच्यासाठी लागते. या लेखाचा बराचसा भाग जीजीएचवरच आहे तो यामुळे.

मुंबईची एक आठवण, कारण ती प्रयोगाशी जोडलेली आहे

1928 साली डॉ. लुसी विल्स मुंबईत आल्या. गिरणीत काम करणाऱ्या गरीब बायकांना गरोदरपणात जो गंभीर पंडुरोग व्हायचा, त्याचं कारण त्यांना शोधायचं होतं. या बायकांच्या तांबड्या पेशी आकाराने मोठ्या, पण संख्येने फार कमी असत. परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी काम केलं. यीस्टच्या अर्काने, म्हणजे मार्माइटने, हा पंडुरोग बरा होतो हे त्यांनी 1931 साली प्रसिद्ध केलं. त्या अर्कातला गुणकारी घटक फोलेट होता हे पुढे कळलं. 1941 साली पालकाच्या पानांतून तो वेगळा काढला गेला आणि लॅटिनमधल्या पान या शब्दावरून त्याला फोलिक ॲसिड हे नाव मिळालं. 1945 साली अमेरिकेतल्या लेडर्ली प्रयोगशाळेत ते कृत्रिमरीत्या बनवलं, ते आपल्या यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या नेतृत्वाखालच्या गटाने.

आता प्रयोगाशी संबंध. यीस्टमधल्या फोलेटच्या मागे सात ग्लुटामेटची साखळी असते. म्हणूनच कॉन्जुगेज मोजायला यीस्टचा अर्क हा जुना, स्वस्त आणि अजूनही उपयोगी पडणारा सब्स्ट्रेट, म्हणजे एन्झाइमने तोडायचा पदार्थ, आहे. परळच्या त्या बायकांना जो घटक बरं करत होता, तोच आपण नळीत टाकून एन्झाइमला तोडायला देतो. हे काम करताना मला त्या बायकांची आठवण येते. त्यांची नावं कुठल्या शोधनिबंधात नाहीत.

रक्त कुणाचं घ्यायचं

एथिक्स कमिटीची परवानगी आणि रक्त देणाऱ्याची लेखी संमती या दोन्ही गोष्टी आधी. त्यानंतर प्रत्येकाला औषधं विचारा. संधिवातासाठी आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट घेणारे लोक तुम्हाला वाटतात त्यापेक्षा जास्त भेटतील. मेथोट्रेक्सेट दिल्यावर पांढऱ्या पेशींमधलं डीएचएफआर वाढतं हे बर्टिनो यांच्या गटाने 1960च्या दशकाच्या सुरुवातीलाच दाखवलं होतं. फिट्सवरचं फेनिटॉइन, दारू, लिव्हरचा आजार याही नोंदी हव्यात.

आपल्याकडे आणखी एक तपासणी मी सक्तीची मानते: बी12. पुण्याच्या केईएम हॉस्पिटल रिसर्च सेंटरमधल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने 2008 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात बहुतेक गर्भवतींचं बी12 कमी होतं, फोलेट मात्र कमी नव्हतं. बी12 कमी असलं की मिथाइल-फोलेट पुढे सरकत नाही, पेशीत टिकत नाही, आणि प्लाझ्मातला आकडा फसवा निघतो. शाकाहारी आणि मांसाहारी लोकांचे नमुने बी12 न मोजता एका गटात टाकू नका.

नळी आणि सुई

एन्झाइमसाठी हेपॅरिनची, हिरव्या झाकणाची नळी घ्या. रक्त गोठू न देणारं दुसरं रसायन, ईडीटीए, धातू पकडून ठेवतं, त्यामुळे जस्तावर चालणारं एन्झाइम नमुन्यात असलं तरी ते मरगळतं आणि तुम्हाला दिसत नाही. सायट्रेटचं तसंच, शिवाय ते द्रवरूप असल्याने रक्त पातळ होतं आणि हिशेबात दरवेळी दुरुस्ती करावी लागते. डीएनए काढायचा असेल तर मात्र उलट: तिथे ईडीटीएच बरं, कारण हेपॅरिन पीसीआरमध्ये अडथळा आणतं. म्हणजे एकाच माणसाकडून दोन नळ्या. तिसरी साधी, लाल झाकणाची, रक्त गोठू देण्यासाठी. ती का, ते पुढे येतं.

दंडाला पट्टा फार वेळ आवळून ठेवू नका, बारीक सुईने जोरात ओढू नका आणि सिरिंजमधून नळीत रक्त पिचकारीसारखं सोडू नका. पेशी इथेच फुटतात. नमुना बर्फात ठेवा, अंधारात ठेवा, आणि रक्त किती वाजता काढलं ते नळीवर मिनिटासकट लिहा.

फुटलेल्या पेशी आधी पकडा

प्लाझ्मा वेगळा झाल्यावर कॉन्जुगेज मोजायच्या आधी त्यात मोकळं हिमोग्लोबिन किती आहे ते बघा. 414 नॅनोमीटरवर त्याचं शिखर स्पष्ट येतं. डोळ्याला गुलाबी छटा दिसू लागते तोवर डेसिलिटरला साधारण 30 मिलिग्रॅम हिमोग्लोबिन सुटलेलं असतं. निरोगी रक्तात ते डेसिलिटरला 14 ग्रॅमच्या आसपास धरलं, तर हजारात एखाद-दुसरी पेशी फुटली तरी छटा येते. ही खूण नाजूक आहे आणि म्हणूनच कामाची.

पण हिमोग्लोबिन फक्त तांबड्या पेशी फुटल्याचं सांगतं. पांढऱ्या पेशींच्या लायसोसोममधून गळती झाली का, हे कळायला बीटा-ग्लुकुरोनिडेज किंवा हेक्सोसामिनिडेज सोबत मोजा. पेशीच्या आतल्या सर्वसाधारण गळतीसाठी एलडीएच (लॅक्टेट डीहायड्रोजिनेज). हे तीन आकडे नसतील तर प्लाझ्मातल्या कॉन्जुगेजच्या आकड्याचा अर्थ लावता येत नाही.

आता मला सगळ्यात आवडणारा साधा प्रयोग. त्याच रक्ताचे चार भाग करा. एक लगेच फिरवा, बाकीचे खोलीच्या तापमानाला ठेवून दोन, सहा आणि चोवीस तासांनी फिरवा. प्रत्येक प्लाझ्मात कॉन्जुगेज आणि गळतीच्या तिन्ही खुणा मोजून आलेख काढा. खुणा चढत गेल्या आणि कॉन्जुगेजही त्यांच्याबरोबर चढलं, तर तुमचं प्लाझ्मा-एन्झाइम निदान काही अंशी नळीतच पेशींमधून सुटलेलं आहे. खुणा चढल्या आणि कॉन्जुगेज जिथल्या तिथे राहिलं, तर ते रक्त काढण्याआधीपासून प्लाझ्मात होतं. चढणारी रेघ मागे शून्य वेळेपर्यंत वाढवली की शरीरात खरोखर किती होतं याचा अंदाजही मिळतो. चार नळ्या, एक दिवस, आणि अर्धी भांडणं मिटतात.

लाल झाकणाच्या नळीचं काम इथे. रक्त गोठताना प्लेटलेट्स उत्तेजित होतात आणि त्यांच्या लायसोसोममधली एन्झाइमं सीरममध्ये, म्हणजे रक्त गोठल्यावर उरणाऱ्या द्रवात, सोडतात. एकाच माणसाच्या सीरममधलं कॉन्जुगेज प्लाझ्मापेक्षा जास्त निघालं, तर तो फरक गोठण्याच्या वेळी पेशींनी सोडलेल्या एन्झाइमचा. जुने शोधनिबंध वाचताना त्यांनी सीरम वापरलं की प्लाझ्मा हे पहिल्यांदा बघा. दोघांचे आकडे एका तक्त्यात घालायचे नाहीत.

पेशी वेगळ्या करणं

सगळ्यात जास्त वेळ इथे जातो, आणि जावाही.

आधी रक्त हळू, 150 ते 200 जी वर (म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या तितक्या पट जोराने) दहा-पंधरा मिनिटं फिरवा. वर प्लेटलेट्सनी भरलेला ढगाळ प्लाझ्मा येतो. तो काढून 2000 जी वर पंधरा मिनिटं फिरवला की प्लेटलेट्स तळाशी बसतात. वरचा प्लाझ्मा पुन्हा एकदा तसाच फिरवा. दोनदा फिरवलेला प्लाझ्मा गोठवायला ठेवा, एकदाच फिरवलेला नको. त्यात प्लेटलेट्स राहिल्या तर वितळवताना त्या फुटतात आणि तुमच्या प्लाझ्मात भर घालतात.

पांढऱ्या पेशींसाठी फायकॉल, म्हणजे रक्ताखाली थर देणारं जड द्रावण. 1968 साली बोयम यांनी रूढ केलेली ही रीत आजही तशीच चालते. सलाइनने पातळ केलेलं रक्त 1.077 घनतेच्या फायकॉलवर नळीच्या कडेने अलगद सोडायचं, 400 जी वर अर्धा तास फिरवायचं, आणि सेंट्रिफ्यूजचा ब्रेक बंद ठेवायचा. ब्रेक चालू राहिला की थर ढवळतो. लिम्फोसाइट आणि मोनोसाइट मधल्या धुरकट कड्यात थांबतात. ग्रॅन्युलोसाइट या दाणेदार पांढऱ्या पेशी जड, त्या तांबड्या पेशींबरोबर खाली जातात. माझी चूक याच जागेवरची. साय काढली म्हणजे पांढऱ्या पेशी गेल्या असं मी धरलं होतं, पण जड ग्रॅन्युलोसाइट तांबड्या थराच्या वरच्या भागात रुतून बसलेल्या असतात, आणि पिपेट तिथपर्यंत पोचत नाही.

ग्रॅन्युलोसाइट हव्या असतील तर खालचा गाळ डेक्स्ट्रानच्या द्रावणात उभा ठेवा. तांबड्या पेशी गठ्ठे करून लवकर बसतात, ग्रॅन्युलोसाइट वर राहतात. उरलेल्या तांबड्या पेशी 0.2 टक्के मिठाच्या पाण्यात वीस-तीस सेकंद फोडून लगेच तेवढंच 1.6 टक्क्यांचं पाणी घालून तोल सावरतात. घड्याळ हातात धरूनच हे करा. सेकंद वाढले की ग्रॅन्युलोसाइटही फुटतात आणि त्यांचं एन्झाइम धुण्याच्या पाण्यात वाहून जातं. ते धुण्याचं पाणी फेकू नका, तेही मोजा.

तांबड्या पेशी शुद्ध करायला बॉयटलर यांच्या गटाने 1976 साली दिलेली सेल्युलोजच्या कॉलमची रीत वापरा. अल्फा-सेल्युलोज आणि मायक्रोक्रिस्टलाइन सेल्युलोज सलाइनमध्ये कालवून सिरिंजमध्ये भरायचं आणि त्यातून रक्त उतरू द्यायचं. पांढऱ्या पेशी आणि बहुतेक प्लेटलेट्स अडकतात, तांबड्या पेशी खाली उतरतात. थेंबाथेंबाने लालभडक रक्त पडत राहतं आणि वरचं सेल्युलोज हळूहळू गुलाबी होत जातं. गाळून झाल्यावर पेशी मोजा. मशिनवर शून्य आलं तरी एक स्लाइड रंगवून स्वतः बघा.

एवढा आटापिटा का, ते संख्येवरून कळेल. रक्ताच्या एका मायक्रोलिटरमध्ये तांबड्या पेशी साधारण 50 लाख, पांढऱ्या 4 ते 11 हजार. म्हणजे जवळजवळ सातशे तांबड्यांमागे एक पांढरी. पण पिकलेल्या तांबड्या पेशीत केंद्रक नाही, लायसोसोमही नाही. ज्या कप्प्यात कॉन्जुगेज राहतं तो कप्पाच अस्थिमज्जेतून बाहेर पडताना आणि पडल्यावर ती टाकून देते. पांढऱ्या पेशीत असे कप्पे भरपूर. त्यामुळे हजारांत एखादी चुकार पांढरी पेशीही तांबड्यांच्या नावावर एन्झाइम चढवू शकते.

मोजणी

मोजण्याच्या दोन वाटा आहेत. जुनी वाट लॅक्टोबॅसिलस केसीची. हा जीवाणू आता रॅम्नोसस नावाने ओळखला जातो, एटीसीसी या जीवाणू-संग्रहातला क्रमांक 7469. फोलेट मिळालं तरच तो वाढतो, पण तीन ग्लुटामेटपर्यंतचंच फोलेट त्याला नीट खाता येतं, साखळी त्याहून लांब झाली की वाढ मंदावते. यीस्टच्या अर्कात तुमचा नमुना घालून 37 अंशांवर ठेवला, मग उकळून एन्झाइम थांबवलं आणि जीवाणू सोडला, तर दुसऱ्या दिवशी नळी जितकी गढूळ तितकी साखळी तुटलेली. नमुन्यातलं स्वतःचं फोलेट आधी डायलिसिसने किंवा कोळशाने काढावं लागतं. काचेची भांडी इतकी स्वच्छ हवीत की रिकाम्या नळीत काही उगवता कामा नये. रिकामी नळी गढूळ झाली तर त्या दिवसाचे सगळे आकडे रद्द धरा.

दुसरी वाट क्रुमडिक आणि बाऊ यांनी 1970 साली दिली: शेवटच्या ग्लुटामेटवर किरणोत्सारी खूण केलेला सब्स्ट्रेट घ्यायचा आणि सुटलेला ग्लुटामेट मोजायचा. न तुटलेलं फोलेट कोळसा शोषून घेतो, सुटलेला ग्लुटामेट द्रावणात राहतो. आज हेच काम एचपीएलसी या घटक वेगळे करणाऱ्या यंत्रावर किरणोत्साराशिवाय होतं.

ॲस्कॉर्बिक ॲसिड सगळीकडे घाला, नाहीतर फोलेट हवेनेच बिघडतं. पीएच 4.5 च्या आसपास ठेवा. प्लाझ्मातलं कॉन्जुगेज या आंबट वातावरणात जोमाने चालतं आणि रक्ताच्या नेहमीच्या 7.4 पीएचला फारसं काम करत नाही. माग काढणाऱ्याला ही मोठी खूण आहे. जिथे ते सापडतं तिथे त्याला काम नाही, म्हणजे ते दुसऱ्या कुठल्या तरी जागेसाठी बनलेलं आहे.

डीएचएफआरसाठी 340 नॅनोमीटरवर एनएडीपीएच कमी होताना बघतात, आणि दुसऱ्या क्युव्हेटमध्ये मेथोट्रेक्सेट घालून जेवढी घट थांबते तेवढीच डीएचएफआरची धरतात. हिमोग्लोबिन याच भागात प्रकाश शोषतं, म्हणून आधी ते काढून टाका. एमटीएचएफआर लिम्फोसाइटमध्ये मोजतात. 46 अंशांवर पाच मिनिटं तापवून किती उरतं ते बघण्याची रीत 1988 च्या सुमाराची, आणि त्या उष्णतेला नाजूक असलेल्या रूपामागचा सी677टी हा जनुकीय बदल 1995 साली सापडला. ही दोन्ही एन्झाइमं ज्या पेशीत सापडतात तिथलीच असतात, म्हणून त्यांचा माग इथेच संपतो.

हिशेब

सगळे आकडे एक मिलिलिटर अख्ख्या रक्ताच्या मापात आणा. पेशींमागचे, प्रथिनामागचे, प्लाझ्माच्या मिलिलिटरमागचे आकडे वेगवेगळे ठेवले तर बेरीज कधीच होत नाही.

समजावण्यापुरतं एक काल्पनिक उदाहरण घेऊ. अख्खं रक्त फोडून मोजलं तर 100 एकक आलं. हेमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातला तांबड्या पेशींचा वाटा, 45 टक्के. प्लाझ्माच्या मिलिलिटरला 120 एकक, म्हणजे रक्ताच्या मिलिलिटरमधल्या 0.55 प्लाझ्माचे 66. पांढऱ्या पेशी मिलिलिटरला 60 लाख, दहा लाखांमागे 5 एकक, म्हणजे 30. प्लेटलेट्सचे 3. बेरीज 99. तांबड्या पेशींसाठी उरलं 1, आणि तेवढी तर मोजणीची चूकच असते. आता समजा साय निष्काळजीपणे काढली आणि पाचातली एक पांढरी पेशी खाली राहिली. तिचे 6 एकक तांबड्यांच्या खात्यात गेले. दाबून बसवलेल्या तांबड्या पेशींच्या मिलिलिटरमागे मांडले की तेच 13 होतात आणि छान दिसतात. माझ्या वहीत असाच आकडा होता.

बेरीज 100 पेक्षा बरीच कमी आली तर धुण्याच्या पाण्यात बघा. जास्त आली तर फोडलेल्या रक्तात कुणी तरी एन्झाइम अडवतं आहे. ते तपासायला प्लाझ्मा आणि तांबड्या पेशींचा अर्क एकत्र करून मोजा. दोघांची बेरीज जुळली पाहिजे.

तांबड्या पेशींबद्दल एक पडताळा प्रत्येकाने हाताने करून बघावा. टोएनीस आणि सहकाऱ्यांनी 1956 साली दाखवलं होतं की रक्तपेशींमधल्या फोलेटच्या लांब साखळ्या प्लाझ्मातलं एन्झाइम तोडतं. अख्खं रक्त 1 टक्का ॲस्कॉर्बिक ॲसिडमध्ये दहापट पातळ करून थोडा वेळ ठेवलं की लॅक्टोबॅसिलस केसीच्या वाढीचं वाचन वर चढतं. तेच धुतलेल्या, गाळलेल्या तांबड्या पेशींचं करा: वाचन खालीच राहतं. त्यात थोडा प्लाझ्मा घाला: चढतं. साखळीवालं फोलेट तांबड्या पेशीत आणि ते तोडणारं एन्झाइम प्लाझ्मात, हे एका दुपारीत डोळ्यांनी दिसतं. पॅथॉलॉजी लॅबमध्ये तांबड्या पेशींचं फोलेट मोजताना पेशी आधी धुवायच्या नाहीत याचं कारणही हेच. धुतल्या तर रुग्णाचं फोलेट खोटंच कमी दिसतं, आणि त्या आकड्यावर कुणाला तरी महिनोन्‌महिने गोळ्या दिल्या जातात.

प्लाझ्मातलं मग कुणाचं?

रक्तातल्या पेशींनी ते नळीत सोडलेलं नाही हे ठरल्यावर प्रश्न शरीरात शिरतो. आता ओळख पटवायची.

पीएचचा आलेख काढा, आणि एन्झाइम कशाने अडतं ते बघा. जीजीएचच्या गाभ्यात सिस्टीनचा गंधक काम करतो, म्हणून पाऱ्याची संयुगं आणि आयोडोॲसिटेट त्याला बंद पाडतात, ईडीटीएने त्याचं विशेष बिघडत नाही. आतड्याच्या कडेवरचं एन्झाइम 6.5 ते 7 पीएचला चालतं आणि जस्त काढून घेतलं की थांबतं. एवढ्या दोन कसोट्यांवर आतड्याचा दावा राहतो की जातो ते कळतं. प्राण्यांचे आकडे माणसाला लावताना सावध राहा. उंदराच्या प्लाझ्मात कॉन्जुगेज माणसापेक्षा पुष्कळ जास्त असतं, म्हणून तर अन्नातलं फोलेट मोजताना उंदराचं सीरम वापरतात. कोंबडीच्या स्वादुपिंडातलं तर 7 ते 8 पीएचला चालतं आणि दोन ग्लुटामेट शिल्लक ठेवून थांबतं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतल्या लक्ष्मय्या आणि रामशास्त्री यांनी 1975 साली प्लाझ्मातल्या कॉन्जुगेजवर केलेलं काम या विषयात उतरणाऱ्याने मुळातून वाचावं. अन्नातलं फोलेट मोजायला प्लाझ्माचंच एन्झाइम वापरायची वाट त्यांनी दाखवली.

एखाद्या पेशीत भरपूर एन्झाइम आहे एवढ्यावरून प्लाझ्मातलं तिचंच असं म्हणता येत नाही. इथे रुग्ण मदतीला येतात. ज्यांच्या पांढऱ्या पेशी फार वाढल्या आहेत आणि ज्यांच्या फार घटल्या आहेत, अशा दोघांच्या प्लाझ्माची तुलना करा. ही युक्ती शेजारच्याच विषयात यशस्वी झालेली आहे: क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियात रक्तातलं बी12 प्रचंड चढतं, कारण त्याला धरून ठेवणारं हॅप्टोकॉरिन हे प्रथिन ग्रॅन्युलोसाइट बनवतात. प्लाझ्मातलं कॉन्जुगेज पांढऱ्या पेशींच्या संख्येबरोबर हलत असेल तर तिकडे बोट जातं. ते ढिम्म राहिलं तर लिव्हर, मूत्रपिंड, रक्तवाहिन्यांचं अस्तर यांच्याकडे वळा.

तांबड्या पेशीत खरोखर एखादं एन्झाइम उरलंच, तर ते अस्थिमज्जेतून सोबत आलं आहे का हे वयावरून कळतं. पेशी जोरात फिरवल्या की तरुण पेशी वर आणि म्हाताऱ्या, जड पेशी तळाशी जमतात. वरच्या आणि तळाच्या दहाव्या हिश्श्यात मोजा. तरुणांत जास्त आणि म्हाताऱ्यांत कमी असेल तर ती जन्मावेळची शिदोरी, 120 दिवसांच्या आयुष्यात संपत जाणारी. सगळ्या वयांत सारखं किंवा म्हाताऱ्यांत जास्त असेल तर ते बाहेरून चिकटल्याचा संशय घ्या आणि पेशी आणखी धुवा.

सगळ्यात पक्का पुरावा अवयव बदलल्यावर मिळतो. 1969 साली आल्पर आणि सहकाऱ्यांनी लिव्हर बदललेल्या रुग्णाच्या रक्तातलं सी3 हे प्रथिन तपासलं. शस्त्रक्रियेनंतर सी3चं रूप बदललं आणि दात्याच्या रूपासारखं झालं. सी3 मुख्यतः लिव्हर बनवतं हे त्याने सिद्ध झालं. कॉन्जुगेजसाठी हे करायचं तर दाता आणि रुग्ण यांच्या एन्झाइमात ओळखता येईल असा फरक हवा, आणि शस्त्रक्रियेआधीचा, दात्याचा आणि नंतरचा असे तिन्ही नमुने हवेत. बोन मॅरो बदललेल्या रुग्णात हाच प्रयोग उलट प्रश्नाला उत्तर देतो: रक्तपेशी दात्याच्या झाल्या, पण प्लाझ्मातलं एन्झाइम जुन्याच रूपाचं राहिलं, तर ते रक्तपेशींचं नव्हे.

वहीत काय लिहायचं

प्रत्येक आकड्यासमोर सहा गोष्टी हव्यात: प्लाझ्मा की सीरम, कुठली नळी, रक्त काढल्यापासून फिरवेपर्यंतची मिनिटं, मोकळं हिमोग्लोबिन, उरलेल्या पांढऱ्या पेशींची संख्या, आणि मोजणीचा पीएच. यातली एकही राहिली असेल तर तो नमुना पुन्हा घ्या. निष्कर्षाच्या ओळीत "तांबड्या पेशींमध्ये कॉन्जुगेज आढळले" असं लिहू नका. "दहा लाखांत अमुक पांढऱ्या पेशी उरलेल्या तांबड्या पेशींच्या अर्कात, पीएच 4.5 ला, अमुक एकक आढळले" असं लिहा. माझ्या त्या वहीच्या समासात बाईंनी पेन्सिलीने एवढंच लिहिलं होतं: पांढऱ्या किती उरल्या?